धुऱ्याची तूर

गावाकडच्या आमच्या शेताला पश्चिमेकडून जो धुरा, म्हणजे बांध आहे, त्याच्या कडेची तुरीची सहा तासं (ओळी) माझा थोरला भाऊ वेगळी कापतो, वेगळी झोडपतो आणि वेगळ्या पोत्यात भरतो. पोत्यावर चुन्याची फुली असते आणि डायरीत नोंद असते, ‘धुऱ्याची तूर’. बाकीचं शेत प्रमाणित जैविक आहे, ही सहा तासं नाहीत. भावाने त्यांच्यावर काही मारलंय असं नाही. पलीकडचा शेजारी कपाशीवर फवारतो, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, फवारा धुरा ओलांडून येतो. म्हणून प्रमाणीकरणाचा नियम सांगतो, की जैविक शेती करणाऱ्याने आपल्याच जमिनीतला एक पट्टा सोडावा आणि त्यात पिकेल ते साध्या मालाच्या भावाने विकावं.

तपासणीला येणारा मुलगा कृषी पदवीधर, बोलायला गोड. त्याने तो पट्टा पावलांनी मोजला, उकिरडा बघितला, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि पावत्या मागितल्या, गोठ्यात टांगलेल्या पंपाचं झाकण उघडून वास घेतला. मग विचारलं, शेजारी काय फवारतो, कधी फवारतो, याची नोंद ठेवली आहे का? भाऊ म्हणाला, ‘त्यालेच इचारा ना साहेब, तो पाहा तिकडे डवरून राह्यला.’ मुलगा नुसता हसला आणि त्याने फॉर्मचं पान उलटलं.

शेजाऱ्याला विचारायचा त्याला अधिकार नव्हता. खरं म्हणजे तो कुणालाच नाही, आणि हे मी रागाने म्हणत नाही, कायद्यात तसं लिहिलं आहे. कीटकनाशकांचा आपला कायदा १९६८ चा. कोणतं औषध बनवायचं, आयात करायचं, विकायचं, त्यावर कोणत्या रंगाचा त्रिकोण छापायचा, हे सगळं त्यात आहे. अतिजहाल विषाला लाल त्रिकोण आणि कवटी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि शेवटाकडे कलम ३८ आहे. घरगुती वापराला, परसबागेला आणि माणूस स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला या कायद्यातलं काहीही लागू नाही, असं ते म्हणतं. म्हणजे बाटली कारखान्यापासून कृषी केंद्राच्या फळीपर्यंत कायदा तिच्यासोबत चालतो. दुकानाच्या पायरीवरून ती खाली उतरली, की कायदा मागे वळतो.

याउलट ज्याला बाटली नकोच आहे, त्याच्यामागे कायदा थेट तासापर्यंत येतो. वर्षायू पिकाला पेरणीआधीची दोन वर्षं रूपांतराची, म्हणजे रासायनिक सोडून जैविककडे वळण्याची, बहुवर्षायूला पहिल्या तोडणीआधीची तीन. शेताचा नकाशा, बियाणं कुठून आणलं, शेणखत कुणाच्या गोठ्यातलं, मजुरांनी पोती कशाने शिवली, सगळं लिहून ठेवायचं. त्याची फी वेगळी. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशीची फीसुद्धा संन्याशाकडूनच घेतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. पर्यावरणस्नेही शेतीचा कायदा म्हणून आपण जे उभं केलं, तो शुद्धतेचा कायदा आहे. गरज विषाच्या कायद्याची आहे. आधी विष कुठे जातं ते कळू द्या, मग शुद्ध कोण याचा तपास करा.

यवतमाळ आठवून पाहा. २०१७ च्या पावसाळ्यात त्या एका जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे नळी वर धरून मारायचं आणि तेच अंगावर घ्यायचं. चार्जिंगचे पंप फवारा बारीक आणि जोरात फेकतात. दोन-तीन बाटल्या एकाच टाकीत. कुठली कुठलीत घालायची हे कुणी सांगितलं? ज्याने उधारीवर दिली त्याने. बाटलीसोबतच्या घडीच्या कागदावर सगळं छापलेलं असतं, अनेक भाषांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तो कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न करणारे पन्नाशीतले शेतकरी मी पाहिले आहेत. बहुतेक जण तो पंपाचं बूच घट्ट बसावं म्हणून वापरतात.

त्यानंतर राज्य सरकारने काही औषधांवर बंदी घातली, ती ६० दिवसांची. इतकीच का, तर कलम २७ नुसार राज्याच्या हातात तेवढंच आहे. चौकशी चालू असेतो ६० दिवस, वाटल्यास आणखी ३०. कायमची बंदी दिल्लीनेच घालायची. शेती राज्याचा विषय, विष केंद्राचा, आणि मेलेला माणूस जिल्हाधिकाऱ्याचा. हा कायदा बदलायला २००८ मध्ये एक विधेयक राज्यसभेत आलं, २०२० मध्ये दुसरं आलं. दोन्हींचा कायदा झाला नाही.

आपल्याकडे कायदा राबवायची ताकद नाही असं मात्र कुणी म्हणू नये. निफाड-दिंडोरीला जाऊन निर्यातीच्या द्राक्षाची वाट कशी असते ते बघा. बागेची तालुका कृषी कार्यालयात प्लॉटवार नोंदणी होते. फवारणीची वही असते. कुठलं औषध चालतं, त्याची मात्रा किती, तोडणीआधी किती दिवस बंद करायचं, याची यादी दर हंगामाला निघते आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ त्यावर काम करतात. तोडणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो. अहवाल आल्याशिवाय पेटी कंटेनरमध्ये चढत नाही. युरोपातल्या दुकानात एखाद्या डब्यात खोट निघाली, तर ती कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटची हे सांगता यावं, यासाठी ग्रेपनेट नावाची सगळी यंत्रणा २००६ पासून चालू आहे.

ती फुकट उभी राहिली नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घड धरायला हे द्रव्य आपल्याकडे सर्रास वापरत. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यांच्या यादीत होतं. बागायतदार त्या वर्षी कर्जात गेले, पण धडा घेतला. आज निर्यात करणारा बागायतदार पीपीएम (दहा लाख भागांत औषधाचे किती) आणि पीएचआय (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस) हे शब्द असे बोलतो, जसे आमच्याकडे नक्षत्रं बोलतात.

मग प्रश्न उरतो तो साधा. प्लॉट फेल गेला तर माल जातो कुठे? झाडावर तर ठेवत नाहीत. लोकल व्यापारी येतो, भाव पाडून मागतो, क्रेट भरतो आणि दुसऱ्या दिवशी ती द्राक्षं एखाद्या शहरात हातगाडीवर असतात. त्यांना कुणी चिठ्ठी लावत नाही. कीटकनाशकांच्या अंशांच्या कमाल मर्यादा देशातल्या ग्राहकासाठीही आहेत, अन्नसुरक्षा कायद्यात आहेत. पण त्याच कायद्यात ‘प्राथमिक अन्ना’ची व्याख्या बघा: शेतमाल, जो शेतकरी वा मच्छीमार सोडून इतर कुणाच्या हातात आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातलं वांगं कायद्याच्या लेखी अजून अन्न झालेलं नाही, अडत्याच्या हातात पडलं की होतं. आणि अडत्याला विचारावं तर त्याच्याकडे एका सकाळी चाळीस जणांची वांगी आलेली, त्याने कुणाचं नाव सांगायचं? केंद्राची एक योजना २००५-०६ पासून बाजारातले नमुने तपासते, टक्केवारी छापते. छापून येईतो भाजी खाऊन, पचून विसरलेली असते.

पंजाबचंही तेच. तिथे बासमतीवर मारायच्या दहा औषधांवर २०२३ मध्ये सरकारने हंगामापुरती बंदी घातली, त्याच ६० दिवसांच्या कलमाखाली. कारण परदेशातून माल परत येईल अशी भीती होती. औषध त्या ६० दिवसांत विषारी आणि एरवी सौम्य होतं असं काही नसतं. खाणारा बदलतो, एवढंच. यवतमाळचं कलम आणि बासमतीचं कलम एकच आहे. एकीकडे ते माणसं मेल्यावर वापरलं, दुसरीकडे माल परत यायच्या भीतीने, आधीच.

जैविक मालाच्या नियमांचा जन्मही निर्यातीच्याच घरातला. राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रम २००१ चा, परकीय व्यापाराच्या कायद्याखालचा. देशातल्या गिऱ्हाइकाला फसवू नये म्हणून नियम आले ते २०१७ मध्ये, लागू झाले २०१८ च्या जुलैपासून. आता पाकिटावर ‘जैविक’ लिहायचं तर प्रमाणपत्र हवं. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असलेला उत्पादक थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला सूट आहे, ही चांगली गोष्ट. पण तोच माल गावातल्या किराणा दुकानात ठेवला की सूट संपली.

इथे माझ्या बाजूने बोलणारेही एक चूक करतात. ते म्हणतात, प्रमाणपत्रं फेकून द्या, शेतकऱ्यावर विश्वास ठेवा. विश्वासाचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. भारत जैविक कापसात जगात पहिला, आणि २०२० मध्ये जैविक कापडाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एका मोठ्या जागतिक संस्थेला आढळलं, की बनावट कागदांवर भारतातला सुमारे २०,००० टन कापूस जैविक म्हणून खपवला गेला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपली तपासणी मान्य करण्याचा करार मोडायचं जाहीर केलं. ज्याने खरंच काही मारलं नाही त्याच्या मालाचा भाव यात पडला. कागद हवाच.

पण तो कागद कुणाच्या नावाचा? आमच्याकडे पहिली काही वर्षं प्रमाणपत्र गटाचं होतं आणि गट एका खरेदीदाराच्या खिशात. त्याने भाव पाडला तेव्हा भावाने तूर दुसऱ्याला विकायची ठरवली, आणि लक्षात आलं, की दुसऱ्याच्या काट्यावर चढताच ती जैविक राहत नाही. शेत तेच, तूर तीच, कागद मात्र खरेदीदाराच्या कपाटात. तीन वर्षं रासायनिक खताला हात न लावलेला माणूस साध्या भावाने तूर घालून आला, त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. युरोपचा २०२२ पासून लागू झालेला नवा कायदा गट शेतकऱ्यांच्याच मालकीचा, कायदेशीर संस्था असलेला हवा म्हणतो. आपल्याला ही अक्कल बाहेरून यावी याचं वाईट वाटतं, आली याचं बरं वाटतं. किमान पाच शेतकऱ्यांनी मिळून एकमेकांची शेतं तपासायची अशी दुसरी पद्धत आपल्याकडे आहे, सहभाग हमी योजना. तिला फी नाही. शेजारच्या बांधावरच्या माणसाला फसवणं प्रयोगशाळेला फसवण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते. पण तिच्या कागदाने माल परदेशी जात नाही, मोठे व्यापारी तिला जुमानत नाहीत.

दुसरी चूक बंदीवाल्यांची. सिक्कीमचं उदाहरण ते देतात. सिक्कीमने २०१४ मध्ये कायदा केला, रासायनिक निविष्ठा वापरल्यास एक लाखापर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. २०१६ च्या जानेवारीत राज्य पूर्ण जैविक जाहीर झालं. हे खरं आहे. पण कायद्याच्या आधीची अकरा वर्षं लोक सांगत नाहीत. विधानसभेत जाहीर झालं २००३ मध्ये. त्यानंतर खतांवरचं अनुदान वर्षागणिक कमी करत आणलं, गांडूळखताचे खड्डे, बियाणं, प्रशिक्षण, आणि हे सगळं सुमारे ७५,००० हेक्टरांत, जिथे डोंगरउतारावर रसायन मुळातच कमी पोचलं होतं. शिवाय २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या अजैविक भाजीपाल्यावर बंदी आली तेव्हा बाजारात भाव कडाडले, कारण ताटातली बरीचशी भाजी सिलिगुडीकडून येते. सिक्कीममध्ये कैदेचं कलम सगळ्यात शेवटी आलं. आपल्याकडे कुणाला काही सुधारायचं असलं की आधी कैद सुचते.

श्रीलंकेने उलट्या टोकाने सुरुवात केली. २०२१ च्या मे महिन्यात राजपत्र काढून रासायनिक खतं आणि कीटकनाशकांची आयात बंद केली. तयारी नव्हती. भात पडला, चहा पडला, नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. जैविक खत म्हणून चीनहून मागवलेल्या मालात घातक जिवाणू आढळले म्हणून तो नाकारला, आणि तरी शेवटी त्यापोटी पैसे मोजले. परकीय चलन वाचवायला काढलेली बंदी जैविक शेतीचा झेंडा लावून आली होती, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. तरीही त्या सहा महिन्यांनी पुढच्या वीस वर्षांसाठी एक वाक्य तयार करून दिलं: ‘जैविक म्हणता? श्रीलंकेचं काय झालं?’ आमच्या गावच्या पारावरही ते ऐकू येतं.

म्हणून कलम ३८ खोडा असं मी म्हणणार नाही. शेतात शिरायचा अधिकार निरीक्षकाला दिला तर तो काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको. शेजाऱ्याच्या डोक्यावर दोन बँकांचं आणि एका सावकाराचं कर्ज आहे. त्याला गुन्हेगार ठरवून माझ्या भावाची तूर शुद्ध होणार असेल तर ती भावाला नकोय. आजारी पडला तर त्याला दवाखान्यात न्यायला पहिली मोटरसायकल आमचीच निघते.

पण दुकानाच्या पायरीवर कायद्याला उभं करता येतं ना? युरियाची गोणी घ्यायला कृषी केंद्रात गेलात तर २०१८ पासून यंत्रावर आधार क्रमांक आणि अंगठा द्यावा लागतो. ४५ किलोची गोणी, २६६ रुपये ५० पैसे, आणि त्यासाठी अंगठा. त्याच दुकानात, त्याच फळीवरून लाल त्रिकोणाची बाटली मात्र तोंडी मागून मिळते, बिल मागितलं तर दुकानदार मान वर करून बघतो. युरियात सरकारचे पैसे अडकलेत म्हणून त्याचा हिशेब आहे. विषात फक्त लोकांचे जीव अडकलेत. यंत्र आहे, इंटरनेट आहे, बोटही तेच आहे. बाटली, पीक, गट नंबर, तारीख एवढं त्या यंत्रात चढवायला नवा कायदासुद्धा लागणार नाही, परवान्याच्या अटीत बसेल. मग त्या पिकावर मंजुरीच नसलेलं औषध कोणत्या दुकानातून किती गेलं हे तालुक्याला कळेल, आणि दोष शेतकऱ्याऐवजी विकणाऱ्याच्या माथी जाईल. विषबाधेची घटना कळवणं सक्तीचं करायची तरतूद तर कलम २६ मध्ये आजही आहे. तिची सांगड या नोंदीशी घातली, तर दवाखान्यात आलेल्या माणसाने काय मारलं होतं हे डॉक्टरला नातेवाइकांकडून अंदाजाने ऐकावं लागणार नाही.

पैशाचं काय, हाही प्रश्न आहेच. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २०२४ च्या नोव्हेंबरात २,४८१ कोटी मंजूर झाले, त्याचं कौतुक झालं. २०२२-२३ या एका वर्षात खतांवरचं अनुदान सुमारे अडीच लाख कोटींचं होतं. शेकड्याला एक. त्यात रासायनिक कीटकनाशकांवर सरसकट १८ टक्के जीएसटी, लाल त्रिकोणाला तेवढाच आणि हिरव्याला तेवढाच. डेन्मार्कने २०१३ पासून औषधाचा कर त्याच्या घातकपणावर बसवला, जितकं जहाल तितका जास्त. तिथे त्या पैशातला वाटा जमीनकरात सूट देऊन शेतकऱ्यांकडेच वळवतात. आपल्याकडे रंग आधीच छापलेले आहेत, फक्त त्यांना भाव लावायचा आहे. त्यातून जे येईल ते धुऱ्यालगतच्या पट्ट्याची भरपाई म्हणून द्या. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात मान्य केलं. शेतीत ते अजून उताणं पडलं आहे. ज्याच्या शेतात प्रदूषण येतं तोच सहा तासांचं भाडं भरतो.

शेतकऱ्याचा खर्च वाढेल अशी ओरड होईल. वाढू दे थोडा. आज तो ज्या बाटल्या आणतो त्यातल्या निम्म्या कशासाठी हे त्यालाही ठाऊक नसतं. ‘टॉनिक’ नावाने जे खपतं त्यात काय असतं हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बायोस्टिम्युलंट म्हणून या टॉनिकांना खत नियंत्रण आदेशात जागा मिळाली ती २०२१ मध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं ती कुठल्याच कायद्यात नव्हती, ‘जैविक’ लिहिलेल्या सुंदर बाटल्यांतून विकली जात होती. म्हणजे शेतात काही न घालणाऱ्याला ‘जैविक’ शब्द लिहायला दोन-तीन वर्षं आणि एक फाईल लागत होती, आणि बाटलीला लेबल छापणारा पुरत होता.

संक्रांत झाली की भाऊ एसटीने डाळ पाठवतो, दहा किलो, घरच्या जात्यावर भरडलेली. यंदा पिशवीच्या कोपऱ्याला चुना लागलेला दिसला म्हणून फोन केला. म्हणालो, ही कुठली? तो म्हणाला, ‘चांगली गेली ना लेका कंपनीले. घरच्याले धुऱ्याचीच.’